बर्फाच्या रस्त्यावर चरणाऱ्या गायी

आधी चहा संपवा, मग सांगते. हे ऐकताना तोंडात घोट असला तर तो नाकातून बाहेर येतो. मागच्या वेळी सोफ्याचं कव्हर मलाच धुवावं लागलं होतं. आणि हसायचं तेवढं इथेच हसून घ्या. जाताना लिफ्टमध्ये हसायचं नाही. आमच्या लिफ्टमधलं सगळं वर ऐकू येतं.

तर माझी फजिती.

मी शाळेत गेले चौथीपर्यंत. पुढचं सगळं माझं मी शिकले. वाचायला शिकले ती पुड्यांच्या कागदांवरून, इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरून, आणि फोन शिकले तो फोनवरूनच. कुणाला काही विचारलं नाही. विचारून शिकलं की शिकवणारा जन्मभर डोक्यावर बसतो. माझा मुलगा मिलिंद म्हणतो, "आई, एकदा विचारलंस तर काय बिघडतं गं?" काय बिघडतं ते मी त्याला सांगत बसत नाही. न विचारल्याने काय बिघडतं ते मात्र आता तुम्हाला सांगावं लागणार.

अल हिलालमध्ये राहायला आले तेव्हा टॅक्सीवाले मला म्हातारी बघून सगळ्या दोह्याला प्रदक्षिणा घालून आणायचे. मग मी नकाशा शिकले. एके दिवशी मागच्या सीटवरून म्हटलं, "भैया, लेफ्ट. लेफ्ट बोला ना! यल्ला, चलो!" त्याने आरशात माझ्याकडे पाहिलं आणि मुकाट्याने लेफ्ट घेतलं. त्या दिवसापासून बिल्डिंगमधल्या बायका रस्ता विचारायला नवऱ्यांकडे जात नाहीत, माझ्याकडे येतात.

त्याच नकाशात मला एक गंमत सापडली. रस्त्यावर बोट दाबून धरलं की तो रस्ता साक्षात समोर उभा राहतो. झाडं, दुकानं, पाट्या, माणसं, सगळं! बोट पुढे सरकवलं की आपणही पुढे चालतो. मला त्याचं नवल वाटलं नाही. आमच्या दाराला मिलिंदने कॅमेरा लावलाय. घंटी वाजली की कोण आलंय ते फोनवर दिसतं. दाराला कॅमेरा असतो तसा रस्त्यालाही असणार! सरळ हिशेब.

काहीजणी आत्ताच हसायला लागल्या. थांबा, बयांनो. अजून डोंगर चढायचाय.

आता आमच्या विहीणबाई. सुनेची, केतकीची आई. सुलभाताई. मुलाकडे असतात, इथेच अल अझीझियाला. आम्ही दोघी एकमेकींशी इतकं गोड बोलतो की ऐकणाऱ्याची साखर वाढावी. भांडण नाही. पण विहिणी विहिणी म्हटल्यावर जे असायचं ते असतंच. तुमच्याकडे नसेल तर तुम्ही खोटं बोलताय.

जानेवारीत नातवाचं बोरन्हाण ठरलं. पहिलं. काळं झबलं, अंगावर हलव्याचे दागिने, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतायच्या आणि पोरांनी तुटून पडायचं. केतकी लहान असताना नेमकं घरात सुतक आलं आणि तिचं बोरन्हाण राहिलं ते राहिलंच. ती हुरहूर सुलभाताईंच्या मनात एवढी वर्षं होती. नातवाच्या वेळी मात्र त्यांनी कंबर कसली. रोज दुपारी परातीत पाक थेंब थेंब सोडत, बोटं भाजून घेत हलवा केला. मुकुट केला, बाजूबंद केले, कंबरपट्टा केला, बासरीसुद्धा केली. कौतुकाने मला दाखवायला घेऊन आल्या.

मी एक दाणा चिमटीत धरला, उजेडात बघितला आणि म्हटलं, "काटा जरा कमी आलाय."

खरं बोलले! कमीच आला होता!

"दोह्याच्या हवेत येतो तेवढा आलाय," त्या म्हणाल्या आणि हसल्या. ते हसू मला कळलं. बायकांना कळतं.

दागिने त्यांनी परत डब्यात भरले, डबा आपल्या घरी नेऊन कपाटात ठेवला, आणि मुलाबरोबर चालल्या जॉर्जियाला. बर्फ बघायला! दोह्यातली माणसं जानेवारीत उठून जॉर्जियाला जातात; विमानाने जवळ पडतं आणि इथे वाळू बघून डोळे विटलेले असतात. मी म्हटलं, बर्फच बघायचा तर फ्रीजर उघडा की. बुधवारी त्या परत येणार होत्या आणि शुक्रवारी बोरन्हाण.

मंगळवारी सकाळी त्यांचा फोन. आवाज तुटत होता.

"विहीणबाई, आम्ही इथे डोंगरात अडकलोय हो. वादळ झालं रात्री. खालच्या वळणावर बर्फाचा कडा कोसळला, रस्ता पार बंद. गाड्या सोडत नाहीत."

"मग कधी सोडणार?"

"काही सांगत नाहीत. वर अजून बर्फ लटकलाय म्हणे, तो पाडल्याशिवाय रस्ता साफ करत नाहीत. शुक्रवारचं काय करायचं?"

मी म्हटलं, "व्हिडिओ लावा बघू."

"लागत नाही. नेटवर्क नाही. फोटो पाठवते."

फोटो आला. काय होतं त्यात? पांढरा चौकोन! वर पांढरं, खाली पांढरं, मध्ये पांढरं. मी मनात म्हटलं, बाई, भिंतीचा फोटो काढून पाठवलास होय? हलव्याचा काटा बोचला वाटतं!

आता मी काही कुणावर उगाच आळ घेणारी नाही. पुरावा लागतो. मी चष्मा पुसला, नकाशा काढला, त्यांच्या हॉटेलचं गाव शोधलं आणि रस्त्यावर बोट दाबलं.

काय सांगू! हिरवागार डोंगर. लख्ख ऊन. रस्त्याच्या कडेला गायी चरतायत. एक दाढीवाला बाप्या टेबल मांडून मधाच्या बाटल्या विकतोय, अंगात अर्ध्या बाह्यांचा सदरा! अर्ध्या बाह्या! मी बोटाने सगळा घाट उतरले. एकेक वळण बघितलं. बर्फाचा कण नाही, कडा नाही, पोलीस नाही. खालच्या वळणावर एक कुत्रं झोपलं होतं, तेसुद्धा सावली बघून.

तुम्हाला वाटेल, एवढ्यावर विश्वास ठेवला. नाही हो! खात्री करायला संध्याकाळी मी पुन्हा गेले. इथे अंधारून आलं होतं, तिथे तसंच लख्ख ऊन. म्हटलं, थंड मुलखात सूर्य उशिरा मावळत असेल. गायी होत्या त्याच जागी. म्हटलं, शांत जात आहे. मधवाला सकाळसारखाच ओणवा, सकाळसारखाच हात पुढे केलेला. म्हटलं, हा माणूस धंदा काय करणार!

मी लगेच विहीणबाईंना फोन लावला.

"सुलभाताई, रस्ता मोकळा आहे. निघा."

"काय म्हणता?" त्यांच्यामागे वाऱ्याचा आवाज येत होता. म्हटलं, पंखा लावला असेल.

"मी सगळा घाट बघितला. ऊन आहे. गायी चरतायत."

"तुम्हाला तिथून दिसतं?"

"वळणन् वळण दिसतं."

त्या मुलाशी काहीतरी बोलल्या. मग म्हणाल्या, "बरं. तुम्ही म्हणताय तर निघून बघतो."

सकाळी त्यांचा निरोप आला, 'पोलिसांनी परत पाठवलं.' मी लगेच रस्त्यावर पोलीस शोधायला गेले. कुठला पोलीस? गायी, मधवाला, कुत्रं. खलास! माझी खात्री पटली. ही बाई चक्क बनाव करतेय.

केतकीला म्हटलं, "तुझ्या आईला यायचं नाहीये. मी काटा कमी म्हटलं त्याचा राग धरलाय."

"आई, तिथे बर्फ पडलाय. माझ्या आईचा आवाज ऐकलात ना तुम्ही?"

"आवाज ऐकला. रस्ताही बघितला."

"कुठे बघितलात?"

"माझ्याकडे पुरावा आहे. वेळ आली की चारचौघींत दाखवीन."

"आपण रथसप्तमीला करू या ना. तोपर्यंत चालतं. आईने किती हौसेने केलंय सगळं."

"कुणाच्या रुसव्यासाठी माझ्या नातवाचं बोरन्हाण पुढे जाणार नाही. शुक्रवार म्हणजे शुक्रवार."

केतकी डोळ्यांत पाणी घेऊन बाळाला आत घेऊन गेली. मिलिंद त्या आठवड्यात दुखानला, तेलाच्या कंपनीत ड्यूटीवर. त्याला फोन केला तर म्हणाला, "आई, तू आणि केतकी मिळून ठरवा." मिळून म्हणजे मीच ठरवलं.

दागिने तर अझीझियाच्या कपाटात, कुलपात. मग मी स्वतः हलवा करायला बसले. हलवा काय, मनात आणलं तर होतो! दोन दिवस बोटं भाजली आणि जे झालं ते भाजलेल्या शेंगदाण्यासारखं दिसत होतं. काटा? तेलकट गुळगुळीत! पण दोऱ्यात ओवलं आणि म्हटलं, लांबून कळत नाही.

शुक्रवारी बायका जमल्या. दिवाणखाना गच्च. इथल्या बोराच्या झाडांची, कनार म्हणतात त्यांना, ती बोरं मी शेजारच्या व्हिल्यातून मागून आणली होती. पाटावर दुपटं घातलं, त्यावर बाळ बसलं, शेंगदाण्यांचा मुकुट घालून. पोरं टपून उभी. केतकीचं तोंड उतरलेलं.

कुणीतरी विचारलंच, "केतकीची आई दिसत नाही?"

याचीच मी वाट बघत होते!

"बोरं ओतण्याआधी एक मिनिट," मी म्हटलं. "विहीणबाई का आल्या नाहीत, ते सगळ्यांना कळू दे. त्या म्हणतात घाटात बर्फ कोसळलाय. आता घाट मी तुम्हाला दाखवते."

आणि फोन टीव्हीला जोडला. तेही मला येतं, मीच शिकले. एवढ्या मोठ्या टीव्हीवर हिरवा डोंगर उघडला. गायी तर म्हशीएवढ्या दिसायला लागल्या.

"हा बघा रस्ता. हा मधवाला. अर्ध्या बाह्या बघा! हे वळण. इथे म्हणे कडा कोसळला. दिसतोय कडा? कुत्रं झोपलंय!"

सगळ्या टीव्हीकडे टक लावून बघायला लागल्या. मला वाटलं, पुरावा भारी पडला.

आमच्या शेजारी रत्नागिरीच्या नाझिमाभाभी राहतात. बाई प्रेमळ, पण जीभ सुरीसारखी. त्या मान तिरकी करून म्हणाल्या, "आक्का, हे आत्ताचं दिसतंय तुम्हाला?"

"आत्ताचं नाही तर काय कालचं?"

"मग आपली बिल्डिंग दाखवा ना वाईच. माझे कपडे वाळलेत काय बघते."

"त्यात काय!" मी म्हटलं. जॉर्जियाहून अल हिलालला आले. गल्ली उघडली. आमची बिल्डिंग, खालचं किराणा दुकान, दुकानासमोर भाजीच्या पेट्या. "ही बघा. आणि ह्या…"

पेट्यांसमोर एक बाई उभी होती. तोंड पुसल्यासारखं अंधुक केलेलं, ते नकाशावाले सगळ्यांचंच करतात. पण एक हात कमरेवर. दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी, दुकानदाराच्या नाकासमोर नाचवतेय. डोईवर पदर, पायात मोजे आणि मोज्यांवर चपला. हिरवी इरकल साडी, लाल काठ.

"अगं बाई," एक जण म्हणाली, "आक्का!"

"आक्का खाली आहेत?" दुसरी म्हणाली.

सगळ्यांनी एकदा टीव्हीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मी खुर्चीवर बसले होते हो! मला स्वतःला क्षणभर वाटलं, खाली जाऊन बघून यावं.

केतकी मात्र टीव्हीकडे बघत नव्हती. ती पाटाकडे बघत होती. हळूच म्हणाली, "आई… ही साडी."

बाळ ज्या दुपट्यावर बसलं होतं ना, ते दुपटं हिरव्या इरकलचं होतं. लाल काठाचं. ती साडी मी बाळ व्हायच्या आधीच फाडली होती, माझ्या हाताने. चार दुपटी निघाली होती तिची.

नाझिमाभाभी म्हणाल्या, "म्हणजे कपडे वाळलेत ते माझे दोन वर्षांपूर्वीचे."

आणि मग जो कडा कोसळला! तो जॉर्जियात नाही, आमच्या दिवाणखान्यात. बायका हसत होत्या, सोफ्यावरून घसरत होत्या, डोळे पुसत होत्या. पोरांना काही कळलं नाही, पण तीही हसत होती. बाळ टाळ्या पिटत होतं. शेंगदाण्यांचा मुकुट त्याने तेवढ्यात काढून चावायला घेतला.

माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत होता. गावाकडच्या पुतण्याला मी मागे फोन करून झापलं होतं, "दारात म्हैस बांधलीय ती दिसतेय मला, आणि विकली म्हणून सांगतोस?" तो बिचारा शपथा घेत होता. आता त्यालाही फोन करणं आलं.

पण आधी दुसरा फोन. आणि त्याच्याही आधी बाळ.

मी उठले. बोरांची परात उचलली आणि झाकून ठेवली. "आज बोरन्हाण नाही," म्हटलं. "बाळाची आजी आली की होईल."

केतकी एवढंच म्हणाली, "रथसप्तमी अजून व्हायचीय, आई." रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मला उलटं बोलता आलं असतं.

बायका निघाल्या. जाताना प्रत्येकीने माझ्या हातावर तिळगूळ ठेवला आणि म्हटलं, "गोड बोला हं, आक्का." 'गोड' वर सगळ्यांचा जोर सारखा. नाझिमाभाभींनी तर दोनदा दिला.

मग आत जाऊन दार लावलं आणि विहीणबाईंना फोन लावला. मी आयुष्यात कुणाची माफी मागितलेली नाही. सवय नव्हती, म्हणून शब्द उलटसुलट निघाले. म्हटलं, "सुलभाताई, तो रस्ता जुना होता."

"रस्ता जुना?"

"म्हणजे फोटो. उन्हाळ्यातला. गायीसुद्धा. माझं चुकलं."

मग त्या म्हणाल्या, "अहो, मला वाटलं माझ्याच डोळ्यांत काही बिघाड झालाय. तुम्ही निघा म्हणालात म्हणून आम्ही बॅगा भरल्या. हॉटेलवाला म्हणाला रस्ता बंद. मी म्हटलं, माझ्या विहीणबाईंनी स्वतः बघितलाय, त्यांचं रस्त्यात कधी चुकत नाही. जीप करून नाक्यापर्यंत गेलो. पोलिसाशी हुज्जत घातली. त्याने मला हाताला धरून समोर नेऊन दाखवलं, बर्फ माझ्या डोक्याच्या वर होता. तरी मी त्याला म्हटलं, 'चेक अगेन'."

मी ऐकत होते. मी त्या बाईच्या फोटोला भिंत म्हटलं होतं, आणि ती बाई माझ्या शब्दावर बर्फाच्या कड्यासमोर उभी राहून पोलिसाला 'पुन्हा बघ' म्हणाली होती.

"रथसप्तमीला याल?" मी विचारलं.

"रस्ता सोडला तर येणारच! दागिने डब्यात तयार ठेवलेत ना." जरा थांबून म्हणाल्या, "काटा कमी आहे म्हणा."

"आहे तेवढा पुरे आहे," मी म्हटलं. माफी याहून जास्त मला जमत नाही.

बर्फ पाडला, रस्ता साफ झाला, त्या आल्या. रथसप्तमीला बोरन्हाण झालं. मुकुट, बाजूबंद, बासरी, सगळं बाळाच्या अंगावर चढलं. पहिली ओंजळ सुलभाताईंनी ओतली. बोरं टपाटपा पडली, पोरांनी उड्या मारल्या, आणि त्या बाईने तोंडाला पदर लावला तो बराच वेळ काढलाच नाही. केतकीने आईला जवळ घेतलं. मी परात सांभाळत होते.

सगळं नीट झालं होतं. तेवढ्यात नाझिमाभाभी म्हणाल्या, "सुलभाताई, तुम्ही आक्कांचा तो फोटो बघितलाच नाहीत!"

आणि लावलाच कुणीतरी टीव्हीवर. माझ्याच घरात. मला विचारलंसुद्धा नाही.

सुलभाताई पुढे झाल्या. निरखून बघितलं. कमरेवरचा हात बघितला, नाचणारी कोथिंबीर बघितली.

"ह्या काय करतायत?" त्यांनी विचारलं.

"भांडतायत," सगळ्या एका सुरात.

"भांडतायत ना?" विहीणबाई माझ्याकडे वळल्या आणि अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मग कोण म्हणतं हा फोटो जुना आहे?"